पाडव्याला रंगवलेले ससे

मी कुठं नोकरीला आहे असं गावात कुणी विचारलं की माझी माय सांगायची, "सशाचा ताप बघती." समोरची बाई तोंडाला पदर लावून हसायची, आणि माझं डोकं फिरायचं. बी.एस्सी. झालेली पोरगी, हिंगोलीला खोली करून राहिलेली, आणि काम काय, तर सशाचा ताप बघायचा! मी मायला सांगून दमले की बाई, औषधाच्या कारखान्यात तपासणीचं काम करते असं सांगत जा. ती म्हणायची, मंग तेच तर सांगितलं की मी. आणि खोटं तरी काय होतं त्यात? मी खरंच सशांचा ताप बघत होते.

हिंगोली परभणीतून निघून वेगळा जिल्हा झाला, त्या सुमाराची ही गोष्ट. औंढ्याला जाणाऱ्या रस्त्यावर, वस्ती संपली की एक लहानसा कारखाना होता. तिथं सलाईनच्या बाटल्या भरायचे. पुढच्या अंगाला बाटल्यांचा खणखणाट, मागच्या अंगाला लिंबाच्या झाडाखाली आमची तपासणीची खोली, आणि तिला लागून सशांचं घर. आता तो कारखाना नाही. तिथं मंगल कार्यालय झालंय, आणि मी एका लग्नाला गेले तेव्हा बरोबर सशांच्या घराच्या जागेवर बसून जिलेबी खाल्ली.

सशांचं काम काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्हीपण त्या बाईसारखं हसाल. पाणी उकळलं की जंतू मरतात, एवढं आपल्या सगळ्यांना ठाऊक असतं. पण मेलेल्या जंतूंचं जे काही पाण्यात उरतं, ते उकळून जात नाही. बाटली दिसायला लख्ख, आत जिवंत जंतू एकही नाही, आणि तरी ते पाणी शिरेत गेलं की माणसाला हुडहुडी भरून ताप चढतो. तेच पाणी तोंडानं प्यालं तर काही होत नाही. डोळ्यांना दिसत नाही, वास येत नाही, चव नाही. मग कळायचं कसं? त्यासाठी ससे. सशाला असं पाणी दिलं की माणसासारखाच ताप येतो.

म्हणून बाटल्यांची एक बॅच भरून झाली की त्यातल्या काही बाटल्या आमच्याकडं यायच्या. तीन ससे आदल्या दिवशी उपाशी ठेवायचे, सकाळी लाकडी खोक्यात बसवायचे, डोकं तेवढं बाहेर. आधी त्यांचा ताप बघायचा. मग कानाच्या कडेच्या शिरेत कोमट केलेलं सलाईन हळूहळू द्यायचं आणि दुपारपर्यंत थोड्या थोड्या वेळानं पुन्हा पुन्हा ताप बघत राहायचं. ताप चढला नाही तर बॅच पास. चढला तर सगळ्या बाटल्या मोरीत. खोलीत आवाज करायचा नाही, दार आपटायचं नाही, कारण ससा नुसता भ्यायला तरी त्याचं अंग तापतं. माझ्यासारख्या फटकळ बाईला तोंड मिटून बसायची ही शिक्षाच होती. पुढं काही वर्षांनी ससे गेले आणि समुद्रातल्या एका खेकड्यासारख्या प्राण्याच्या रक्तापासून केलेली पूड आली. ती नळीत सलाईनबरोबर मिसळायची, ठरलेला वेळ उबेत ठेवायची आणि नळी उलटी करायची. गोठलं तर नापास, ओघळलं तर पास. तेही मी शिकले आणि सशांची सुटका झाली म्हणून मला बरंच वाटलं. पण नळीशी काही बोलता येत नाही हो.

हे काम माझ्याकडं योगायोगानं आलं, पण त्या तापाची आणि आमच्या घराची ओळख जुनी होती. माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा मायला दवाखान्यात सलाईन लावली होती. मी बारकी होते. अर्धी बाटली गेली असेल नसेल, आणि माय कापायला लागली. खाट वाजायला लागली. बानं, म्हणजे माझ्या वडिलांनी, अंगावरची घोंगडी तिच्यावर टाकली, शेजारच्या बाळंतिणीच्या सासूनं आपली वाकळ टाकली, तरी तिचे दात वाजतच होते. मी खाटेचा पाय धरून उभी होते आणि तो पाय माझ्या हातात थरथरत होता. अजून आठवलं की तळहाताला ते जाणवतं. माय वाचली, पण तेव्हापासून तिनं सलाईनचं नाव काढू दिलं नाही. हगवण लागली तरी नाही, उन्हाची झळ लागून पडली तरी नाही. बाटली म्हणलं की ती भिंतीकडं तोंड करून निजायची.

आमचं घर मेंढरांचं. शिरड शहापूरच्या बाजूला गाव, दोन एकर मुरमाड जमीन आणि बाकी सगळी मदार मेंढरांवर. बाचे गुडघे गेले तशी त्यानं मेंढरं विकली, आणि त्या दिवसापासून तो ओट्यावर बसून नुसता रस्त्याकडं बघायला लागला. मला ते बघवेना. तेवढ्यात कारखान्यात सशांची देखभाल करणारा माणूस सोडून गेला. मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणजे आमच्या तपासणी विभागाचे प्रमुख, नांदेडचे, पन्नाशीचे, बोलायला मऊ आणि कामाला चिकट. ते म्हणाले, जनावरांची माया असलेला माणूस मिळतोय तर बरंच झालं. असा बा माझ्या खोलीवर राहायला आला आणि माझ्या हाताखाली नोकरीला लागला; माय आणि धाकटा गावीच राहिले. घरी तो माझा बाप आणि कामावर मी त्याची मॅडम. तो मला सगळ्यांसमोर "मॅडम" म्हणायचा आणि वर मिशीत हसायचा.

सशांशी त्याचं आधी जमेना. मेंढरू ओरडतं, धडका देतं, वाट चुकतं. ससा नुसता बसून राहतो. हे कसलं मुकं जित्राब, म्हणायचा. पण महिना-दोन महिन्यांत त्यांच्याशी गप्पा मारायला लागला. आल्या आल्या एकेकाचा कान दोन बोटांत धरायचा. मेंढरांचाही असाच धरायचा. कान धरला की अंगात कसर, म्हणजे बारीक ताप, आहे की नाही ते त्याला कळायचं, निदान तो तसं म्हणायचा. मी म्हणायचे, बा, माझ्याकडं थर्मामीटर आहे, तू आपला चारा टाक. तो चारा टाकायचा आणि जाता जाता अजून एक कान धरून जायचाच.

त्याच वर्षी मायच्या अंगावरून जायला लागलं. बायकांची सवय अशी की निम्मं दुखणं लपवायचं आणि निम्मं सोसायचं. तिनं पावसाळाभर लपवलं. मी गावी गेले तेव्हा ती चुलीपुढून उठताना भिंतीला धरून उठली आणि तिचा चेहरा मला पिठासारखा पांढरा दिसला. मी ओरडले, भांडले आणि तिला हिंगोलीला माझ्या खोलीवर घेऊन आले. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, पिशवी काढावी लागेल, आणि फार दिवस थांबता येणार नाही. रक्त आधीच कमी झालंय. आधी थोडं रक्त भरू, दिवाळी झाली की लगेच ऑपरेशन करू.

मायनं ऑपरेशनला ना म्हटलं नाही. रक्त भरायलाही ना म्हटलं नाही, ते माणसाचं असतंय म्हणाली. बाटलीला मात्र ना म्हटलं. ऑपरेशन म्हणजे सलाईन आलीच, हे डॉक्टरीणबाईंनी समजावलं, मी समजावलं, शेजारच्या खोलीतल्या मास्तरीणबाईंनी समजावलं. तिचं एकच, मेले तर मेले, पण ते कापरं मला पुन्हा नको. मी हात टेकले. मग एका संध्याकाळी भाकरी थापता थापता मी चिडून म्हटलं की अगं, तसं होऊ नये म्हणूनच तर मी दिवसभर सशांपुढं बसते. तिनं निवडायचं ताट खाली ठेवलं. ती म्हणाली, "तू सशाला देतीस त्याच घाण्यातली बाटली असंल, आन् सशाला ताप आला नसंल, तर लाव म्हन मला."

घाणा म्हणजे भज्यांचा असतो तसा. आम्ही बॅच म्हणायचो, मायनं कायम घाणाच म्हटलं. मी लगेच कबूल केलं. असं पहिल्यांदाच झालं की माझ्या कामाचा कुणीतरी आधार घेतला, आणि तेही मायनं. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली.

आधीच्या सगळ्या बाटल्या दिवाळीआधीच बाजारात गेल्या होत्या. गोदामात एकच ताजी बॅच होती, लाल पट्टी लावून ठेवलेली, म्हणजे तपासणी बाकी. ती सुट्टीनंतर व्हायची होती. आणि या बॅचबद्दल माझ्या मनात एक खुटखुट होती. ती भरायच्या आदल्या दिवशी दुपारभर वीज गेली होती आणि वाफेपासून केलेलं शुद्ध पाणी टाकीत तसंच उभं राहिलं होतं. उभ्या पाण्यात जंतू वाढतात. नंतर बाटल्या भट्टीत तापवल्या, जंतू मेले असतीलच. पण मी मघाशी सांगितलं ना, मेलेल्याचंच तर भय. पाण्याचं काम बघणारा माणूस म्हणाला, मॅडम, एवढा काही वेळ गेला नव्हता. ससे सांगतील, असं म्हणून मी दिवाळी करायला खोलीवर आले.

कारखान्याला सुट्टी असली तरी सशांना चारा लागतोच. बा रोज गुडघ्यांना आधार म्हणून सायकल हातात धरून चालत जायचा. पाडव्याच्या दिवशी त्यानं जाताना फडक्यात थोडं पुरण बांधून घेतलं. मला वाटलं, दुपारी खाईल. संध्याकाळी परत आला तेव्हा त्याची बोटं लाल होती. मी विचारलं नाही, सणासुदीचे दिवस, लागला असेल कुठंतरी रंग.

सुट्टी संपून मी कामावर गेले आणि सशांच्या घराचं दार उघडलं. एकूण एक ससा लाल. पाठीवर गेरूचे पट्टे, कपाळावर ठिपका, आणि सगळ्यात थोराड ससा होता त्याच्या गळ्यात झेंडूची माळ, तीही निम्मी त्यानंच खाल्लेली. दोघातिघांच्या मिशांना पुरण. मी दारातच उभी राहिले. मग जे माझं तोंड सुटलं ते पुढच्या अंगाची माणसं बाटल्या सोडून बघायला आली. मॅडम-बिडम सगळं विसरून मी बापाला म्हटलं की हे काय पोळ्याचे बैल आहेत का, तुला नोकरीला लावून मी माझ्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. बा खाली मान घालून उभा. एवढंच म्हणाला की एकाला रंगवावं आन् दुसऱ्याला कोरं ठेवावं, हे बराबर न्हाई, म्हून सगळेच रंगवले.

नाहीतर निदान दोन-चार तरी कोरे मिळाले असते मला!

साहेब आले, त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि त्यांना हसू आवरेना. मग सशांचा ताप बघितला. सगळे ठीक निघाले. बानं ओल्या फडक्यानं त्यांना पुसून काढलं, गेरू पुरता निघालाच नाही, गुलाबी झाले. मालकाचा फोन येत होता, व्यापारी थांबले होते, आणि माझ्या डोक्यात ऑपरेशनची तारीख. साहेब म्हणाले, उद्या तपासणी घेऊन टाकू.

दुसऱ्या दिवशी तीन गुलाबी ससे खोक्यात बसले. मी कानाच्या शिरेत सलाईन दिलं. पहिल्या खेपेला काही नाही. दुसऱ्या खेपेला एकाचा पारा वर. मग दुसऱ्याचाही. मी थर्मामीटर बदलून बघितलं, हात पुसून बघितलं. पारा वरच. तिसरा ससा तेवढा ठीक होता.

आता हा ताप कुणाचा? पाण्याचा की पाडव्याचा? पुरण खाल्लं, आधी धरून रंगवलं, मग धरून पुसलं, थंडीत ओले राहिले, भेदरले. ससा तापायला यातलं एकही कारण पुरतं. पण टाकीत उभं राहिलेलं पाणीही पुरतं. खरं कोणतं, ते कसं कळणार? पुढच्या अंगाची माणसं लगेच म्हणाली, रंगामुळंच झालं, सोडून द्या बॅच. सगळ्यांच्या सोयीचं होतं ते. माझ्याही सोयीचं होतं, खोटं कशाला सांगू. साहेबांनी मात्र मान हलवली. म्हणाले, हे ससे तपासणीला लायकच नव्हते, तेव्हा आजचं काहीच धरायचं नाही, ना पास ना नापास. ससे आठवडाभर निवांत राहू देत, मग पुन्हा घेऊ. लाल पट्टी तशीच राहील. मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले आणि त्याच वेळी त्याचा रागही आला, कारण आठवडाभर माय थांबणार कशी?

मी मायला यातलं काही सांगणार नव्हते. पण बाच्या पोटात काही राहतं का? मी घरी पोचायच्या आत त्यानं सगळं सांगून टाकलं होतं. मी आत गेले तर माय भिंतीकडं तोंड करून निजलेली. ती वळली नाही. तिकडूनच म्हणाली, "सशालाबी थंडी वाजली म्हनं. ऱ्हाऊ दे आता. मला गावाकडं नेऊन सोड."

मग मात्र माझा तोल गेला. मी बापाकडं वळले. शेजारी ऐकतील याची मला पर्वा नव्हती. म्हटलं, बा, बघ काय केलंस तू. कशीबशी तयार झाली होती ती. सगळं आयुष्य जनावरात गेलं तुझं आणि एवढं कळू नये? काहून रंगवलेस ते ससे, काहून?

बा उंबऱ्यावर बसला होता. मग बोलला ते माझ्याशी नाही, जमिनीशी बोलल्यासारखं. "पाडव्याला ज्याचं जित्राब कोरं ऱ्हातं त्याच्या घरात मयत झालेली असती. मेंढरं असती तर मेंढरं रंगवली असती. माझ्या हातात दुसरं व्हतं काय? हिला काई व्हऊ नये म्हून रंगवले."

खरंच, आमच्याकडं तसंच आहे. पाडव्याला मेंढरं धुवून रंगवतात, वाड्यातनं वाजत गाजत काढतात, आणि ज्या घरात सुतक असतं त्याचीच तेवढी पांढरी राहतात. लांबून कळप बघितला तरी कळतं, या घरात माणूस गेलंय. बानं रोज त्या पांढऱ्या सशांकडं बघून काय काय मनात आणलं असेल, ते मला त्या क्षणी कळलं. माझा राग गेला कुठं ते मलाच समजलं नाही. मी आत जाऊन उगाच पाण्याचा तांब्या भरला.

माय वळली. बापाकडं बघितलं. म्हणाली, गेरू महाग झाला असंल की आता. बा म्हणाला, कारखान्याच्या भिंतीला आणलेला उरला व्हता. मग माय माझ्याकडं वळून म्हणाली, पुन्हा कधी बघणार तुमी ते सशाचं? मलाबी दाखव. डोळ्यांनी बघते, मंग काय ते सांगते.

तो आठवडा कसा गेला ते माझं मला ठाऊक. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या देऊन तारीख थोडी पुढं ढकलली, पण रक्त जाणं वाढलं तर थांबता येणार नाही हे ठणकावून सांगितलं. मी रोज सकाळी आधी मायच्या नखांचा रंग बघायचे आणि मग कामावर जायचे. बा सशांच्या घरात चपला काढून जायला लागला. कुणालाही आत येऊ देईना, मालक आले तर मालकांनाही त्यानं दारात थांबवलं. पुरणाचं नाव नाही, माळेचं नाव नाही, नुसता चारा आणि पाणी. एवढं कडक सोवळं त्यानं कुठल्या देवाचंही पाळलं नव्हतं.

तपासणीच्या दिवशी मायला रिक्षातनं आणलं. साहेब आधी नको म्हणाले, नवीन माणूस दिसलं की ससे बुजतात. मग तिला त्यांनी बाहेर व्हरांड्यात, आमच्या खोलीच्या काचेपाशी बसवलं. खाली घोंगडी घडी करून टाकली. माय बसली ती बसलीच. जन्मभर मेंढरांपाठी राहिलेल्या बाईला गप्प बसायला शिकवावं लागत नाही. आत मी, तीन ससे आणि साहेब. बा दाराबाहेर उभा. पाठीवर अजून फिकट गुलाबी पट्टे असलेले ते तीन ससे डोकं बाहेर काढून काचेतून मायकडं बघत होते आणि माय त्यांच्याकडं.

मी सलाईन दिलं. पहिल्या खेपेला काही नाही. मी काचेकडं बघून मान हलवली. दुसऱ्या खेपेला, मागच्या वेळी जिथं पारा चढला होता तिथं, माझे हात इतके गार पडले होते की मी ते पोटाशी धरून आधी ऊब दिली. पहिला ससा ठीक. दुसरा ठीक. तिसराही ठीक. मला ओरडावंसं वाटलं, पण त्या खोलीत ओरडायची सोय नव्हती. पुढंही सगळं ठीक. दुपारी शेवटचा ताप बघितला तेव्हा साहेबांनी स्वतः थर्मामीटर हातात घेऊन उजेडात धरलं आणि म्हणाले, पाणी चांगलं आहे हो. माझा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं मला परीक्षेच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

काचेपलीकडं माय उठून उभी राहत होती. मी धावत बाहेर गेले. काही विचारायच्या आत ती म्हणाली, "त्या मधल्याला तहान लागली हाय, त्याला पानी दे. आन् मंग चल दवाखान्यात."

त्या काळी सलाईन बाहेरून आणायला सांगायचेच, त्यामुळं डॉक्टरीणबाईंनी आमच्या बाटल्या घ्यायला काही हरकत घेतली नाही, नुसतं हसल्या. ऑपरेशनच्या सकाळी बाटली लावली. मी थेंब मोजत नव्हते, मायचे ओठ बघत होते. अर्धी बाटली गेली. मागच्या वेळी याच सुमाराला खाट वाजायला लागली होती. मायलाही ते आठवत असणार, कारण तिनं माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही. बाटली संपली. काही झालं नाही. दुसरी लावली आणि तिला आत नेलं.

बा आणि मी बाहेर बाकावर बसलो. मला आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी भांडायला काही सुचत नव्हतं. बऱ्याच वेळानं दार उघडलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झालं, व्यवस्थित झालं. मागोमाग मायला खाटेवर आणलं.

आणि माय कापत होती.

दात वाजत होते. खांदे हलत होते. चादर हलत होती. वर टांगलेली बाटली होती माझीच, मी तपासलेली, मी पास केलेली. माझ्या हातात पुन्हा तो लहानपणचा खाटेचा पाय थरथरला. सिस्टर म्हणत होत्या, अहो, कमरेत भुलीचं इंजेक्शन दिलंय ना, त्यानं कापरं भरतं, ब्लँकेट द्या, थांबेल आत्ता. मला शब्द ऐकू येत होते, पण आत शिरत नव्हते. मी पर्समध्ये थर्मामीटर शोधत होते आणि ते सापडत नव्हतं. सापडलं ते हातातनं निसटून खाटेखाली गेलं. मी गुडघ्यावर बसून ते शोधायला लागले, आणि खालूनच मला बाचे पाय खाटेच्या उशाकडं जाताना दिसले.

मी उठले तेव्हा बा वाकला होता. त्यानं मायचा कान दोन बोटांत धरला होता. वॉर्डातल्या सगळ्या बायका बघत होत्या. आमच्यात नवरा चारचौघांत बायकोच्या अंगाला हात लावत नाही. बानं डोळे मिटले होते, आणि मी थर्मामीटर हातात घेऊन त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"ताप न्हाई," तो म्हणाला.

मी थर्मामीटर मायच्या काखेत लावलं. थांबले. काढलं, खिडकीकडं धरलं. ताप नव्हता. कापरं होतं, पण ताप नव्हता. सिस्टरनी ब्लँकेट टाकलं, आणि त्याखालून मायचा आवाज आला, दात वाजत असतानाच.

"सोडा वो कान. मी काय ससा हाय का?"

मी हसले, आणि मग तिथंच खाटेच्या कडेला बसून मोठ्यांदा रडले. सिस्टरना वाटलं काय झालं. काहीच झालं नव्हतं, म्हणून तर रडत होते. मायचं कापरं हळूहळू थांबलं, दात वाजायचे थांबले, तिचा डोळा लागला. बानं मात्र कान सोडला नाही.